टपावरची पिवळी वीट

राजाजीनगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे अण्णा निवृत्त झाल्यापासून खेळण्यांचं परीक्षण करतात. प्लास्टिकच्या विटा जोडून सिनेमातल्या गाड्या बनवायच्या आणि त्या कशा आहेत ते मोबाइलसमोर मराठीत सांगायचं. मोबाइल मी धरते. एखादा तुकडा नीट बसला नाही, तर अण्णा चष्मा कपाळावर चढवतात. "स्वल्प, थोडं थांब गं," असं कानडी मिसळून म्हणतात आणि मी थांबते. चुकीचा रंग तर त्यांना मुळीच खपत नाही.

परवा एका सिनेमातली काळी मोटार पुरी होत आली होती. चित्रण चालू असतानाच त्यांच्या पत्नी, अक्का, आतून आल्या. हल्ली त्यांना माणसांची नावंही आठवत नाहीत. त्यांनी जुन्या विटांच्या डब्यातून एक पिवळी वीट उचलली आणि मोटारीच्या टपावर दाबून बसवली. मी घाबरून मोबाइल खाली घेतला.

"अगं, बंद करू नकोस," अण्णा म्हणाले. त्यांनी मोटार मोबाइलसमोर फिरवली. "ही पिवळी वीट तुम्हाला खोक्यात मिळणार नाही. ही आमच्या हिनं बसवलीय. आणि सांगतो, पक्की बसलीय."

अक्का हसल्या. अण्णांनी राहिलेलं चाक त्यांच्या हातात दिलं आणि पुढचं बोलणं सोडून ते त्यांच्या बोटांकडे पाहत राहिले.