साखरेच्या वृंदावनासाठी डिस्क ब्रेक

माणूस किती वेगाने जातो यावरून नव्हे, तर तो किती नीट थांबतो यावरून त्याची संस्कृती ओळखावी. हे विधान माझ्या वडिलांचं. भिलाईच्या आमच्या क्वार्टरसमोर, गाडी शेजाऱ्यांच्या मेंदीच्या कुंपणात जाऊन थांबल्यावर त्यांनी ते केलं.

गाडी जुनी, चौकोनी. पण ऐंशीच्या दशकात कधीतरी वडिलांनी जवळच्या सुपेला बाजारातल्या मिस्त्रीकडून, वेग वाढावा म्हणून, तिला दोन कार्ब्युरेटर बसवून घेतले होते. टाउनशिपचे रस्ते रुंद आणि मोकळे. कोपऱ्यावरची गाय मान वळवेपर्यंत आम्ही पुढच्या सेक्टरात पोचत असू. थांबणं मात्र गाडीच्या मर्जीवर होतं.

त्या उन्हाळ्यात धाकट्या मावशीचं लग्न नागपूरला ठरलं, आणि आईने रुखवतासाठी साखरेचं तुळशीवृंदावन केलं. चार खांब, कमानी, वर पानापानाची तुळस. आईचं स्वतःचं रुखवत वाटेत फुटलं होतं आणि तिच्या सासूबाई ते अजून विसरल्या नव्हत्या. बहिणीच्या वाट्याला तसं काही येऊ नये, वृंदावन अखंड पोचावं, एवढंच तिला हवं होतं. म्हणून ते पॅसेंजरने, मांडीवर घेऊन जायचं तिने ठरवलं.

वडील स्टील प्लांटमध्ये क्रेनच्या देखभालीवर अधिकारी होते. वितळलेलं लोखंड न हिंदकळता हलवणाऱ्या माणसाच्या बायकोने पॅसेंजरवर भरवसा ठेवावा, हे त्यांना लागलं. गाडी सुपेल्याला गेली. एका मोठ्या, अपघातात निकामी झालेल्या गाडीचे डिस्क ब्रेक पुढच्या चाकांना आले. पाय नुसता टेकला तरी ब्रेक लागावा म्हणून बूस्टर आला. मागच्या चाकांवरच्या कमानी-स्प्रिंगांत एकेक पाटा वाढला, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर कडक झाले, आणि पुढच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली गेली.

"साब, अब ये बोलने से पहले रुकेगी," मिस्त्री म्हणाला.

आईने गाडीभोवती एक चक्कर मारली. "अवो, हे एवढी खाली कावून बसली? बिमार आहे का?"

"बसली नाही अवं, रोडले धरून राहिली."

"रोडले कावून धराले लागते? तो पळून राहिला का?"

प्लांटमध्ये क्रेन दुरुस्त झाली की नारळ फुटतो आणि मग वजन लावून चाचणी होते. वडिलांनी दोन्ही केलं. वजन म्हणून त्यांनी चार शेजारी बसवले, त्यातले दोघे नुकतेच जेवलेले. भरधाव जाऊन त्यांनी ब्रेक दाबला. गाडी रेष मारल्यासारखी थांबली.

"भाऊ, ब्रेक लागला बरं," मागून एक शेजारी म्हणाला. "माह्या कपाळाले लागला."

वडिलांनी ही प्रशंसा समजून स्वीकारली. एवढं पाहिल्यावर आईही तयार झाली.

निघालो त्या सकाळी वृंदावन मागच्या सीटवर, पाटावर, आईच्या शेजारी होतं. मी पुढे, कुरडयांचा डबा मांडीवर घेऊन. वडील अगदी सावकाश चालवत होते. सुपेला चौकात हँडलला दोन कोंबड्या टांगलेला एक सायकलवाला डावी-उजवीकडे न बघता आडवा आला. वडिलांनी पाय टेकवला.

गाडी जागच्या जागी थांबली. वृंदावन थांबलं नाही. ते दोन सीटांच्या मधून पुढे येऊन गिअरच्या दांड्यावर फुटलं.

क्रेनच्या चाचणीत माल साखळीने बांधलेला असतो. गाडीच्या चाचणीत शेजारी होते, आणि त्यांनी आपापल्या परीने काहीतरी धरलं होतं. वृंदावनाला बांधायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला.

"सायकलवाला वाचला," वडील म्हणाले.

"हो ना. आता त्यालेच घेऊन चला नागपूरले. रुखवतात मांडू."

तुकडे आईने पदरात गोळा केले. राजनांदगावपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मंडपात पोचल्यावर तिने ते मुकाट्याने आचाऱ्याच्या हवाली केले, आणि रुखवतात मधोमध कुरडया मांडल्या.

वरपक्षाने रुखवताबद्दल अवाक्षर काढलं नाही. चहा फार गोड झाल्याची तक्रार मात्र केली.