उजवी पाकळी

१२ मे. टँकरच्या पाण्याने पिंपं भरत होते. डिझेलचा वास नाकात गेला आणि वीस वर्षांपूर्वीचा राईतला दिवस आठवून डोकं तापलं. कापलेली झाडं ओढायच्या ट्रॅक्टरलाही असाच वास होता.

देवराई तोडून नवं देऊळ बांधायचं घाटत होतं. गुरवकाकांनी देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून कौल मागितला, "राई तोडू काय?" डावी पाकळी पडली, म्हणजे नकार. पुन्हा लावली, पुन्हा डावीच. तेव्हा माझे मोठे दीर म्हणाले, "काका, असं कसं विचारता? तुला नवं देऊळ हवं काय, असं विचारा की!" या वेळी उजवी पडली. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. नवी सून होते, स्लॅबचं देऊळ होणार म्हणून खूश होते.

संध्याकाळी जुना बेहडा आडवा झाला. त्याच्या ढोलीत धनेशाची मादी दार लिंपून अंड्यांवर बसली होती. तिचा नर पुढे चार दिवस तिला भरवायला चोचीत फळं घेऊन घिरट्या घालत होता आणि आम्ही खुळ्यासारखे म्हणत होतो, "देवाचा पक्षी दर्शनाला आला." राईतला झरा तीन वर्षांत आटला.

आज टँकरपाशीच दीर म्हणाले, "उरलेल्या राईत लग्नाचा हॉल बांधूया. सोमवारी कौल लावतो."

"भाऊजी, यंदा देवाला नको, मला विचारा."

ते हसले.

१३ मे. मी पहिल्या एसटीने तालुक्याला गेले, वनखात्यात लेखी हरकत दिली आणि पोच हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही.