काशिनाथचं चंदेरी झाड

काशिनाथ दिवसभर डिचोलीच्या खाणीवरचा ट्रक हाकायचा आणि संध्याकाळी दाढीच्या ब्रशाने झाडाची पानं पुसायचा. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास तो आमच्या शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचा. गाव सावंतवाडीकडचं. झाड बेगोनियाचं. पानं रुप्याचा मुलामा दिल्यासारखी, एकूण नऊ. आमच्या फणसाखाली दिवसभर सावली, म्हणून मला विचारून त्याने ते तिथे लावलं होतं. रस्त्यावरची लाल धूळ पानांवर बसली की त्याला चैन पडायचं नाही. शिमग्यानंतर त्याची बायको गावची परसबाग सोडून इथे राहायला येणार होती. म्हणायचा, "तिचां परसू थंय सुटतला, भाऊ. हयसर कायतरी तिचां व्हया."

जत्रेला आठ दिवस गावी जाताना त्याने झाड माझ्यावर सोपवलं. "पयली मातयेत बोट घाला. वली आसली तर तांब्यो घेवन परत फिरा. आणि पानार पाणी नुको, कुसतत."

बोट हे काही माप नव्हे, असं माझं मत. मी रोज सकाळी सातला दोन तांबे ठरवले. चौथ्या दिवशी पानं लाल दिसली, तेव्हा ब्रश फिरवत बसण्यापेक्षा सरळ वरूनच पाणी ओतलं. मग रोजच. आठव्या दिवशी देठ लिबलिबीत झाले होते. नऊपैकी एकच पान धड उरलं होतं.

काशिनाथ आला, त्याने मातीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "गणपतीसारख्या बुडवल्यात काय ओ हेका?"

मी पणजीहून दुसरं आणून देतो म्हणालो.

"कित्याक? ह्यां अजून मराक नाय."

उरलेलं पान तोडून त्याने मागच्या शिरांना ब्लेडने चिरा दिल्या, ओल्या रेतीवर ते उताणं पसरलं आणि नारळाच्या हिरांनी टोचून ठेवलं. सहाव्या आठवड्यात एका चिरेतून कोंब आला. शिमग्यापर्यंत चार झाले, ते त्याने पुन्हा मातीत लावले.

बायको आली तेव्हा मी सकाळचे दोन तांबे ओतून तिथेच उभा होतो. फणसाखाली वाकून तिने ती नाण्याएवढी पानं पाहिली. "इतके दीस कवतिक सांगत होतात, ता ह्यां?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण काशिनाथ आधी बोलला. "तू येतलंस म्हणान नव्यान लावलंय. भाऊंनी रोज पाणी घातल्यानी."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग चिखल झालेल्या मातीकडे.

"आता तुमी ऱ्हवांदेत, भाऊ. माझ्या झाडांका पाणी मी घालतलंय," असं म्हणून तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.