आबा मिस्त्रींच्या दारातला फुटका प्लग

आटपाडीत लोक दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात. आबा मिस्त्रींच्या गॅरेजच्या दाराला फुटका स्पार्क प्लग टांगलेला होता. नजर लागू नये म्हणून नव्हे, समोरच्या दुकानदाराला रोज दिसावा म्हणून. समोरचं स्पेअर पार्टचं दुकान विलासचं, म्हणजे आबांच्या सख्ख्या चुलतभावाचं. सकाळी शटर वर गेलं की विलासची पहिली नजर त्या प्लगवर पडायची, आणि ती पडते की नाही हे आबा टायरवर बसून बघायचे.

मी दहिवडी-आटपाडी रस्त्यावर वडाप मारतो, म्हणजे सीटा भरून गाडी चालवतो. जुनी पेट्रोल व्हॅन आहे, तिची नाडी फक्त आबांना कळायची. फौजेत गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. गाडी मिसिंग मारतेय, आचके देतेय म्हटलं की बॉनेट उघडून बडबड करणं नाही. आधी प्लग काढायचा, उजेडात धरायचा, नाकाला लावायचा. "हे बघ, काजळी धरलीया. ह्यो प्लग तुझ्या इंजनाला लय थंड पडतोय." पांढराफटक निघाला तर, "ह्यो तापतोय, पिस्टन जाळंल." आटे लांब असतील तर पिस्टनला धडकेल, म्हणून बोटाने मोजून बघायचे. चहाच्या बिस्किटासारखा रंग निघाला की मान डोलवायची. "पोरगी देताना घर बघत्यात न्हवं? तसा इंजान बघून प्लग द्यावा. दिसला प्लग, घातला प्लग, असं करणारा मिस्त्री न्हाई, खाटीक."

अशा माणसाने आयुष्यात एकदाच दुसऱ्यावर विश्वास टाकला. माझी व्हॅन सकाळी त्यांच्याकडे उभी होती आणि त्यांच्याकडचे प्लग संपले होते. भावकीतलाच माणूस म्हणून त्यांनी समोरून विलासकडून नवीन आणून घातले. खोकं नावाजलेलं, आत माल खोटा. तेवढ्यात घरून निरोप आला, शालनकाकींच्या छातीत कळ आली. काकी म्हणजे आबांची बायको. त्याच व्हॅनमध्ये आम्ही त्यांना घालून सांगलीला निघालो. भिवघाटाच्या चढाला गाडीने आचके दिले आणि बंद पडली. आबांनी रस्त्यातच प्लग काढला तर आतली चिनीमाती तडकलेली. दुसरी गाडी मिळायच्या आत काकींनी माझ्या सीटवर जीव सोडला. माझ्या गाडीत गेल्या, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आणि दहाव्याला, कावळ्याची वाट बघत सगळी भावकी ओढ्याकाठी बसलेली असताना, विलास काय म्हणाला? "प्लग चांगलाच व्हता. आबानंच पाना जास्ती आवळला आन् फोडला." म्हणजे बायको मारली ती आबांनीच! मी त्याची गचांडी धरायला उठलो. आबांनी मला खाली बसवलं.

"थांब गड्या. मिसिंगची गाडी कुटंबी फिरू दे, शेवटी मिस्त्रीच्याच दारात येती."

दुसऱ्या दिवशी तो प्लग दाराला लागला.

आली की गाडी! विलासचीच कार, भर दुपारी, फट्‌फट् करत आबांच्या दारातच बंद पडली. मागच्या सीटवर विलासची आई, गंगूनानी, धापा टाकत होती. आबांची आई लहानपणीच गेलेली, त्यांना याच नानीने वाढवलेलं. आबांनी प्लग काढले, उजेडात धरले. "गेल्यात. नवीन घालाय पायजेत." मग हात पुसत म्हणाले, "जा, समोरनं तुझ्या दुकानातलं आण. तेच घालतो."

विलास जागचा हलेना. स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर गोळा झाले होते. मला असा आनंद झाला म्हणून सांगू! विलासने आबांच्या प्लगच्या खोक्याकडे बोट केलं.

"बोटानं न्हाई. तोंडानं."

"सांग की रं मुडद्या!" आतून नानी ओरडली.

"आबा... तुझ्यातलं घाल."

आबांचे हात सपासप चालले. गाडी सुरू झाली, नानी वेळेत दवाखान्यात पोचली, वाचली. त्या दिवसापासून विलासच्या दुकानात प्लग मागायला कुणी जाईना. कुणी चुकून गेलाच तर मागून ड्रायव्हर ओरडायचे, "आवं शेट, तुमच्या गाडीत कुठला घातलाय?" मीच शिकवलं होतं त्यांना. नारळ घेऊन विलास एकदा आबांकडे आला, आबांनी पायरी चढू दिली नाही. मी म्हणालो, "आबा, आता तरी जीव थंड झाला?"

"न्हाई. अर्धंच बोललाय. शालनचं अर्धं अजून त्याच्या तोंडात हाय."

ते अर्धं ऐकायची वाट बघत आबा गेले. तापाचं निमित्त झालं. तिरडी उचलायच्या वेळी पुढचा बांबू माझ्या खांद्यावर होता. विलास आला आणि खांदा द्यायला हात पुढे केला. भावकीचा मान त्याचा, रीतीने मी बाजूला व्हायला हवं होतं.

मी म्हणालो, "आधी तोंडानं."

तो पुटपुटला. दारात बसलेली नानी म्हणाली, "मोठ्यानं. समद्यास्नी ऐकू दे."

"प्लग खोटा व्हता," विलास रडत म्हणाला. "मला म्हाईत व्हतं. आबानं फोडला न्हवता."

सगळ्या भावकीने ऐकलं. नानीने तोंडाला पदर लावला. चार माणसं मला डोळ्याने खुणावू लागली, आता सर, दे खांदा त्याला.

पण ज्याला ऐकायचं होतं त्याने कुठं ऐकलं? मी बांबू सोडला नाही.