आवाज सुधाताईंचा, ओठ रश्मीचे

ऑर्केस्ट्रात माणूस तबला वाजवायला जातो आणि किस्से घेऊन घरी येतो. माझ्याकडे आता इतके साठलेत, की बायको म्हणते, "रद्दीवाल्याले विचारून पाहा जी, घेते काय!"

आमच्या नागपूरच्या ग्रुपची पद्धत सिनेमासारखी. जुनी गाणी. समोर रश्मी हिरॉइन बनून ओठ हलवणार, मागे काळ्या पडद्याआड सुधाताई गाणार. पडद्याला एक भोक. त्याला डोळा लावून सुधाताई रश्मीच्या खांद्यांकडे बघतात. खांदा वर गेला की श्वास!

सुधाताईंची इच्छा एकच : एकदा तरी पडद्याच्या पुढे. मॅनेजर गजूभाऊंचं उत्तरही एकच : "पुढच्या वेळी, ताई!"

•

उमरेडला भर अंतऱ्यात रश्मी शिंकली. गाणं मात्र सुरूच! पब्लिक चक्रावलं.

गजूभाऊंनी नियम काढला, "समोरची शिंकली का मागचीनं बी शिंकायचं!"

पुढच्या कार्यक्रमात रश्मीनं घाम पुसायला नाकाशी रुमाल नेला मात्र, सुधाताई माइकमध्ये दणकून शिंकल्या. रश्मी दचकली. मग आठवण होऊन तीही शिंकली. उशिरा!

पहिल्या रांगेतून आवाज आला, "दुसरी शिंक बेसूर होती गा!"

•

सुधाताईंचे मिस्टर दर कार्यक्रमाला पुढे बसून जोरात टाळ्या वाजवतात.

एकदा ताईंनी विचारलं, "कोनाच्या गाण्याले टाळ्या वाजवून राहिले होते जी?"

बिचारे खरं बोलून गेले. "तुझ्याच... पन पाहून तिले राहिलो होतो."

त्या दिवशी जेवण हॉटेलातून आलं.

•

नागपुरातल्याच महाल भागात एका बारशाला रश्मीला गायला बोलावलं. तिनं सुधाताईंना सोबत नेऊन स्वयंपाकघरात बसवलं. तिथल्या बायकांनी ताईंच्या हाती लाटणं दिलं. बाहेर रश्मीनं ओठ उघडले, आत ताई पुऱ्या लाटत गाऊ लागल्या.

यजमानीणबाई धावत आल्या, "हळू गा वं बाई! बाहेर रश्मी मॅडम गाऊन राहिली!"

•

मग सुधाताईंचा घसा बसला. गुळण्या रश्मीनं सुरू केल्या! हळदीचं दूध, आइस्क्रीम बंद.

मी तिला म्हटलं, "तू काहून?"

"घसा बसला ना आमचा!"

आणि काय सांगू, दोन दिवसांत सुधाताईंचा आवाज मोकळा. त्यांचे डॉक्टर अजून विचारात आहेत, की फी कोणाकडून घ्यायची.

•

शेवटी सुधाताईंनी सांगून टाकलं, "काटोलले मी समोर. नाही तर ग्रुप सोडला!"

गजूभाऊ घाबरले. ताई समोर, रश्मी पडद्यामागे. नुसती, धीराला.

गाणं सुरू झालं. तबल्यावर मी होतो म्हणून सांगतो, असं गाणं आमच्या ग्रुपमध्ये कधी झालं नव्हतं! संत्र्याचे व्यापारी उभे राहून टाळ्या वाजवत होते.

ताई आत आल्या आणि रश्मीच्या गळ्यात पडल्या. "वाचवलं वं तू! लोकं पाहून माह्या आवाजच निघाला नाही. मी नुसते ओठ हलवले."

रश्मीच्या तोंडात आलूबोंडा होता. तिनं तो कसाबसा गिळला. "मी? मले वाटलं तुमीच गाऊन राहिल्या!"

गजूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात दाखवले : ते तर तबल्यावर होते!

बाहेर पब्लिक पहिल्यांदाच नाव घेऊन ओरडत होतं, "सुधाताई! वन्स मोअर!"

ताईंनी डोळे पुसले, पदर सावरला.

"जाते मी. पन आता गाणार कोन, ते ठरवून घ्या गा!"