शेजारच्या सीटवरचा ब्रेक

आमच्याकडे यश मोजायला एकच शब्द पुरतो: पर्मनंट. माणूस सुखी आहे का, त्याला रात्री झोप लागते का, हे नंतरचे प्रश्न. पाहुणे आले की पाण्याचा ग्लास खाली ठेवायच्या आत विचारतात, "मग, झालात का पर्मनंट?" नऊ वर्षं मी या प्रश्नाला "प्रोसेस चालू आहे" असं उत्तर दिलं. कुठली प्रोसेस, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं.

मी इतिहासाचा प्राध्यापक होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही प्राध्यापक. उन्हाळ्याची सुटी लागली की तुम्ही कोणीच नाही. नेट झालं होतं, पीएच.डी. झाली होती. हजेरीपटावर ऐंशी नावं आणि वर्गात आठ जण, त्यातले पाच पंख्याखाली बसायला आलेले. यादवांचं राज्य कसं बुडालं हे सांगताना एकदा पहिल्या बाकावरची मुलगी इतकी एकटक बघत होती की मला भरून आलं. नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, ती उघड्या डोळ्यांनी झोपते.

दरवर्षी कॉलेजात एक वक्ते यायचे आणि 'स्वतःला शोधा' या विषयावर बोलायचे. खुर्च्या आम्ही तासिकावाले लावायचो. ते म्हणायचे, ज्या कामात घड्याळाकडे लक्ष जात नाही तेच तुमचं खरं काम. मी मागे उभा राहून ऐकायचो आणि घड्याळ बघायचो, कारण पुढचा तास माझा असायचा.

एका एप्रिलमध्ये माझ्या घरमालकांनी जिन्यात अडवलं. गारखेड्यात त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. तिथला शिकवणारा माणूस लग्नाला म्हणून गावी गेला तो परत आलाच नव्हता. "सर, आपको सिखाने की आदत हैच. दो महिने की तो बात है," ते म्हणाले. मला गाडी बरी चालवता येत होती आणि दोन महिने मी कोणीच नव्हतो. हो म्हणालो.

शिकवायच्या गाडीत डावीकडच्या सीटसमोर आणखी एक क्लच आणि आणखी एक ब्रेक असतो. स्टिअरिंग मात्र एकच, तेही शिकणाऱ्याकडे. शिक्षकाच्या हातात काही नाही, जे काय आहे ते पायात. पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थी माझं ऐकतायत. न ऐकून करतात काय, समोरून पाण्याचा टँकर येत असायचा.

शिकायला येणाऱ्या बहुतेक बायका चाळिशीच्या पुढच्या. मुलं पुण्यात, गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आणि नवरा "तुला नाही जमायचं" असं वीस वर्षं प्रेमानं सांगणारा. बीड बायपासला पहिल्यांदा तिसरा गिअर पडला तेव्हा एक बाई स्टिअरिंग धरून चक्क रडल्या. यादवांसाठी माझ्या वर्गात कधी कोणी रडलं नव्हतं. त्या दिवशी मी घड्याळ बघायचं विसरलो, आणि विसरलो हे लक्षात आल्यावर मला त्या वक्त्यांचा भयंकर राग आला. असल्या माणसांचं बोलणं खरं निघावं यासारखा अपमान नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. मी गेलो नाही. आणि हे अण्णांना सांगितलं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. वैजापूरला असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर म्हणून लागले आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. केंद्रप्रमुख आसपासच्या शाळांत जातो, मागच्या बाकावर बसून मास्तर कसे शिकवतात ते बघतो आणि वहीत शेरा लिहितो. मी पाचवीत असताना माझी शाळा त्यांनी ठरवली, बारावीनंतर विषय त्यांनी ठरवला, आणि "प्राध्यापकीला मरण नाय" हेही त्यांनीच ठरवलं. बाजारपेठेत ते अजून सगळ्यांना सांगतात, "मोठा कॉलेजवर आहे, संभाजीनगरला." ऑक्टोबर आला तरी मी त्यांना ते सांगू देत होतो. लाज वाटायची. गाडी शिकवण्याची नाही, फोनवर "आज तास होता का रे?" असं ते विचारायचे आणि मी "होता" म्हणायचो, त्याची.

मग दोन गोष्टी एकदम आल्या. एका कॉलेजात इतिहासाची पूर्ण पगाराची, पर्मनंट जागा निघाली होती. मी मार्चमध्ये अर्ज केला होता आणि विसरलो होतो. मुलाखतीचं पत्र गावच्या पत्त्यावर गेलं: सोमवारी सकाळी दहा. आणि अण्णांचा मोतीबिंदू पिकला. शुक्रवारी ते एका पिशवीत कपडे आणि शर्टाच्या खिशात ते पत्र घेऊन उतरले. पत्राचं त्यांनी लॅमिनेशन करायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"शर्ट इस्त्रीला टाक," म्हणाले. "निळा नको. निळा पोलिसासारखा दिसतो."

शनिवारी सकाळी ऑपरेशनसाठी उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी त्यांना रिक्षानं सोडलं. दुपारी चारला घेऊन जा, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. चारलाच माझा एक तास होता. शिकणाऱ्या बाई दुसऱ्या एका दवाखान्यात हेड नर्स, वय पंचावन्न, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. मंगळवारी त्यांची लायसन्सची परीक्षा, आणि ड्युटी बदलल्यामुळे त्या दिवशी दुसरी वेळ नव्हती. मी अडचण सांगितली तर म्हणाल्या, "मग आपणच आणू की काकांना. पेशंट न्यायची-आणायची मला सवय आहे."

मी मनाची समजूत घातली: अण्णांच्या एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला जाड नंबर, त्यांना काय दिसणार आहे. पण टपावरचा ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड हातभर लांब होता आणि बॉनेटवरचा लाल एल खेड्यातल्या भिंतीवरच्या जाहिरातीएवढा. अण्णा काळा चष्मा लावून पायरीवर उभे होते. त्यांनी बोर्ड वाचला, एल बघितला, ड्रायव्हरच्या जागी सिस्टर बघितल्या.

"ही गाडी कुणाची?"

"बसा अण्णा, सांगतो."

ते मागे बसले. सिस्टरांनी आरशातून "काका, पट्टीला हात नाही लावायचा हं" असा दम दिला आणि पहिला गिअर टाकला. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "सर फार छान शिकवतात, काका. मी दोन ठिकाणी जाऊन आले, कुठंच जमलं नाही. इथं जमलं."

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी पुढं बघूनच म्हणालो, "अण्णा, मी हेच करतो. कॉलेज जूनमध्येच सोडलं."

चौकात सिग्नल हिरवा झाला आणि सिस्टरांनी हाफ क्लच न करता पाय उचलला. गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. एक रिक्षावाला शेजारून डोकावला, "क्या मॅडम, यहींच मुक्काम करने का क्या?" मी मोठ्यानं सूचना देऊ लागलो, क्लच, गिअर, हळू, हळू. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही ओरडू नका, मला इंजिन ऐकू येत नाही." खरं तर मी त्यांच्यावर ओरडत नव्हतोच. मागच्या सीटवरच्या शांततेवर ओरडत होतो.

पुढं रस्त्यात म्हैस आडवी आली, गाडी थांबली. कांद्याचा टेम्पो अचानक वळला, गाडी थांबली. दोन्ही वेळा सिस्टर खुशीत म्हणाल्या, "बघा, थांबवली!" मी "व्हेरी गुड" म्हणालो. गारखेड्याला घरासमोर गाडी लागली, सिस्टर किल्ली देऊन ड्युटीला गेल्या. अण्णा उतरेनात. मीही बसून राहिलो आणि बोलणी खायची तयारी केली. माझ्याकडे नऊ वर्षांची उत्तरं साठलेली होती.

"बाईंना शिकवतूस का सोताच चालवतूस?" अण्णा म्हणाले.

"म्हणजे?"

"तुझा पाय आधी पडतोय. म्हैस आली, तुझा पाय. टेम्पो आला, तुझा पाय. बाईंना वाटतंय त्यांनीच थांबवली. मंगळवारी तू असशील का शेजारी?"

"ठोकली तर, अण्णा?"

"व्हय, भ्या तर वाटतंच. पर थोडं थांबावं लागतं. त्यांना थोडं घाबरू द्यावं लागतं."

नऊ वर्षांत मी वर्गात काय शिकवतो, कसं शिकवतो, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं ते एवढंच, की पर्मनंट कधी. आणि आज एका डोळ्यानं, मागच्या सीटवर बसून, त्यांनी माझा तास तपासला होता. शेरा वाईट होता. मला भलताच आनंद झाला.

मग त्यांनी खिशातलं पत्र काढलं आणि दोन सीटांमधून पुढं केलं. "सोमवारचं तुझं तू बघ. मी काय बोलत नाय."

मी पत्र धरलं. दुसरं टोक त्यांच्या बोटांतून लगेच सुटलं नाही. दोघांच्या हातात ते तसंच ताणलेलं राहिलं, मग सुटलं. आणि खरं सांगतो, मी घाबरलो. आजवर काही बिघडलं तर अण्णांनी बिघडवलं, अशी माझी चांगली सोय होती.

सोमवारी दहा वाजता मी मुलाखतीला गेलो नाही. सिस्टरांचा शेवटचा तास घेतला. जालना रोडला एक सिटी बस आमच्यापुढं एकदम थांबली. मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले, आणि तो एक क्षण माझ्या पीएच.डी.पेक्षा लांब होता. सिस्टरांनी ब्रेक दाबला. बसच्या मागच्या बंपरवरची धूळ मला मोजता आली असती.

घरी आलो तर अण्णा दारातच खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी मुलाखतीचं विचारलं नाही.

"बाईंनी सोता थांबवली?"

"थांबवली. जरा उशिरा."

"उशिरा का?" अण्णांनी काळा चष्मा नीट केला. "तू मधी बोलत असशील."