हिंडलग्यात सापडलेला बिघाड

नागेंद्रनं प्रियदर्शनीवर पहिल्यांदा हात उगारला तो लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत, पाहुण्यांदेखत. तिच्या कानात हेडफोन होता आणि हाक ऐकू आली नाही, एवढंच निमित्त. मग ते नेहमीचंच झालं. कधी पट्टा, कधी भिंतीवर डोकं. सासू शालूबाई हळद लावायची आणि म्हणायची, "रागीट हाय गं तो, पन मनानं वाईट न्हाय."

प्रियदर्शनी गुंजी गावची, परशराम आणि जयाबाईची थोरली. नोकरी बंगळूरच्या कंपनीत, काम हिंडलग्याच्या सासरच्या घरातून. डिस्कवर कुठली फाइल कुठं आहे हे संगणक झाडासारखं मांडून ठेवतो: मुळापासून फांद्या, फांद्यांपासून पानं. ते झाड मोडलं तर सांधणं हे तिचं काम. गेले काही महिने तिची टीम एका बिघाडामागं लागली होती. वीज अचानक गेली की काही गिऱ्हाइकांची यंत्रं पुन्हा सुरू व्हायची आणि तिथंच कोसळायची. परत सुरू, परत कोसळली. ऑफिसात मुद्दाम वीज तोडून पाहिलं, पण तसं कोसळणं कुणालाच घडवता येईना.

त्या दुपारी तिचं चाचणीचं यंत्र डिस्कवर भराभर लिहीत होतं. वीज गेली तर सांभाळणारा बॅटरीचा डबा नागेंद्रनं मागंच लाथेनं फोडला होता.

"नवरा दारात हुबा हाय, आन तू त्या डब्यात डोळं घालून बसलीस व्हय गं?" म्हणत त्यानं यंत्राची वायर भिंतीतून उपटली आणि तिचाच चाबूक केला. पहिला फटका पाठीवर बसला, दुसरा मानेवर. तिसऱ्या वेळी वायरचं टोक उजव्या कानावर आदळलं आणि डोक्यात शिट्टी वाजल्यासारखं झालं. ती खाली पडली तेव्हा तो तिच्या बरगडीत लाथ घालून जेवायला गेला.

काम वाया गेलं का, एवढं पाहायला तिनं वायर लावली. यंत्र सुरू झालं आणि कोसळलं. पुन्हा तेच. पडद्यावर त्याच ओळी होत्या, गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या. कानातलं रक्त गळ्यापर्यंत आलं होतं, ते तिच्या ध्यानातही नव्हतं. तिनं यंत्र बंद केलं, झाकण उघडून बिघाड जसाच्या तसा असलेली डिस्क काढली आणि ओढणीत बांधली.

नागेंद्र परत आला. "काय लपिवतीस? दे हिकडं, चुलीत घालतो."

त्यानं तिचे केस धरले. तिनं हाताला आलेला लाकडी पाट उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला. तो वाकला तसा दुसरा फटका खांद्यावर. स्वतःसाठी तिनं आजवर कधी हात उचलला नव्हता. दारात शालूबाई उभी होती. ती बाजूला सरली, आणि प्रियदर्शनी अनवाणीच रस्त्याला लागली.

गुंजीत जयाबाईनं लेकीचा कान बघितला आणि तिला थेट दवाखान्यात नेलं. कानाचा पडदा फाटला आहे, डॉक्टर म्हणाले. प्रियदर्शनीनं डिस्कची नक्कल केली आणि मूळ डिस्क बाजूला ठेवून नकलेवर काम सुरू केलं. एका फांदीचे दोन भाग होत असतानाच वीज तुटली होती. फांदी भलत्याच जुन्या पानाकडं बोट दाखवत होती. त्या पानावरचे आकडे खोटे होते, पण प्रोग्राम ते खरे मानून पानाच्या कडेबाहेर वाचत सुटायचा आणि कोसळायचा. तिनं प्रोग्राम बदलला. आता तो आधी तपासणार होता: हे पान ह्याच फांदीचं आहे का, आकडे पानात मावतात का? नसतील तर मरायचं नाही. चूक सांगायची आणि शेवटच्या शाबूत मुळावरून, काही न लिहिता, फाइली वाचायला द्यायच्या.

टीमची प्रमुख ऋतिका फोनवर ओरडलीच. "सापडलं? पण तू हे घडवलंस कसं?"

"वायर उपटली."

"कोणी?"

प्रियदर्शनी म्हणाली, "नवऱ्यानं. मला मारताना." हे तिनं घराबाहेर पहिल्यांदाच कुणाला सांगितलं होतं.

दुरुस्ती कंपनीनं घेतली त्याच आठवड्यात नागेंद्र लोखंडी गज घेऊन गुंजीत आला. दार अडवणाऱ्या परशरामच्या मनगटावर त्यानं गज घातला. हाड मोडल्याचा आवाज घरात सगळ्यांनी ऐकला. जयाबाईनं मुसळ उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात उंबऱ्यावर पडले. गल्ली धावून आली, त्याला खांबाला बांधलं आणि लाथाबुक्क्यांनी तुडवू लागली. प्रियदर्शनी मध्ये पडली. "बास! मरंल त्यो. मला त्यो कोर्टात हुबा पायजे."

ठाण्यातल्या हवालदारानं कानडीत सुचवलं, थोडं जुळवून घे अम्मा. तिनंही कानडीतच सांगितलं, तक्रार लिहून घ्या.

खटला उभा राहिला. नागेंद्रच्या वकिलानं शालूबाईला साक्षीला आणलं, सून पडली होती असं सांगायला. म्हातारी पिंजऱ्यात उभी राहिली.

"पडली न्हाय," ती म्हणाली. "ह्यानं मारलं. मी दारातनं बघत हुते."

नागेंद्र तिच्या अंगावर धावला. पोलिसांनी त्याला आवळून धरलं तरी शिव्या थांबेनात. शालूबाई बाहेर आली. आता हिंडलग्याला परतायची तिची छाती नव्हती. प्रियदर्शनीनं रिक्षा थांबवली आणि आत सरकून तिला जागा केली.